घरच्या घरीं मोठें मत्स्यालय

मनूच्या माशाची कथा शतपथ ब्राह्मणांत आली आहे, ती बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. सकाळीं हात धुण्यासाठीं आणलेल्या पाण्यांत मनूच्या हातीं एक इवलासा मासा लागला. आपलें रक्षण करण्याची विनंती करून त्यानें पुढें जें सांगितलें तें मोठें व्यवहाराचें आहे: प्रथम मला घटांत ठेव, घट पुरेनासा झाला म्हणजे खड्डा खणून त्यांत ठेव, आणि खड्डाहि पुरेनासा झाला कीं समुद्रांत नेऊन सोड. प्रलयाचा भाग क्षणभर बाजूस ठेवला, तर मासे पाळणाराला याहून उपयुक्त सल्ला कोणीं दिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. हल्लीं मुलें बाजारांतून कांचेचा वाटोळा गोल व दोन सोनेरी मासे घेऊन येतात. पंधरा दिवसांत मासे उलटे तरंगूं लागतात. घरांत एक दिवस सुतकी कळा येते, आणि गोल माळ्यावर जातो. माशांचा दोष नसतो व मुलांचाहि नसतो. माशाच्या मलमूत्रांतून पाण्यांत अमोनिया उतरतो. पाणी तीन-चार लिटर असलें तर त्याचें विष व्हावयास दोन दिवस पुरतात. तेंच सातशें लिटर असलें तर तीं विषें पचविणाऱ्या सूक्ष्म जंतूंस वाढण्यास अवधि मिळतो. लहान भांड्यांत मासे ठेवणें सोपें, हा समजच उलटा आहे. भांडें जितकें मोठें तितकें तें सांभाळणें सोपें. मात्र तें बांधणें तितकेंच अवघड.

जुन्या नाशकांतील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत यंदा हाच प्रश्न निघाला. नातू इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकतो. त्याच्या मनांत सहा फुटी टाकी भरली. संपूर्ण कांचेच्या टाकीचा भाव ऐकून आजोबांनीं साफ नकार दिला. तेव्हां नातवानें प्लायवुडची टाकी स्वतः करून, आंतून फायबरग्लासचा लेप देऊन, फक्त समोर कांच बसविण्याचा बेत मांडला. आजोबा तो कागद घेऊन आमच्याकडे आले व म्हणाले, "मास्तर, लांकडाच्या पेटींत पाणी ठेवावयाचें म्हणतो. तुम्हीं पोराला चार गोष्टी सांगा." आम्हीं कागद पाहिला आणि नातवाच्या बाजूचे झालों. बेत शास्त्रशुद्ध होता. तराफे व होड्या माणूस लांकडाच्याच करीत आला; पाणी बाहेर ठेवणारें लांकूड तें आंतहि ठेवूं शकतें. त्या घरीं जें झालें त्यावरूनच पुढील हकीकत लिहीत आहों; कारण अशी टाकी करावी असें मनांत असलेलीं घरें आणखीहि असतील.

प्रथम काटकसरीचा हिशेब पाहूं. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद व दोन फूट उंच अशी टाकी सगळी कांचेची करावयाची, तर तळ, चार बाजू मिळून ४९ चौरस फूट जाड कांच लागते. प्लायवुडच्या टाकींत समोरच्या खिडकीपुरती, म्हणजे ६८ इंच लांब व २० इंच उंच, सुमारें साडेनऊ चौरस फूट कांच पुरते. एकपंचमांशच! शिवाय ८ × ४ फुटी दोन फळ्यांत सर्व काम बसतें. एका फळींतून ६ × २॥ फुटांचा तळ व २ × २॥ फुटांची एक बाजू. दुसरींतून ६ × २ फुटांच्या पाठ व दर्शनी बाजू आणि उरलेल्या तुकड्यांतून दुसरी बाजू. पहिल्या फळीची जी दीड फुटी पट्टी उरते, तिच्यांतून वरचे आडवे पट्टे निघतात. सुताराकडे जाण्यापूर्वीं हें कापकाम कागदावर मांडून घ्यावें; नाहींतर तो तिसरी फळी मागवितो. लहान टाकीस मात्र हा खटाटोप करूं नये. तीन-चार फुटांपर्यंत दुकानांतली कांचेची टाकीच स्वस्त पडते.

फळी १८ मिलिमीटर जाड व मरीन जातीची, म्हणजे जिच्यावर आय्‌एस् ७१० हा मानक-क्रमांक छापलेला असतो तीच घ्यावी. काटकसर इतरत्र करावी, येथें नको. हलक्या फळींत मधल्या थरांना पोकळ्या असतात. एखादें छिद्र पडलें कीं पाणी त्या पोकळींतून हिंडतें व फळी फुगते. सांध्यांना सरस आणि दर तीन-चार इंचांवर स्टेनलेस पोलादाचा स्क्रू, हे दोन्ही हवेत. स्क्रूपूर्वीं बारीक भोंक पाडून घ्यावें म्हणजे कडा फुटत नाहीं.

आतां वजन. यंदाच्या चर्चेंत सर्वांत अधिक वेळ येथेंच गेला, आणि तो योग्यच गेला. फळ्यांची जाडी वजा करून व वर दोन इंच मोकळे सोडून या टाकींत २१ इंच पाणी राहतें. तें सुमारें सातशें लिटर, म्हणजे सातशें किलो. वाळू, दगड, कांच व लांकूड धरून नऊशेंच्या आसपास, आणि खालचें मेज धरलें तर टनाच्या घरांत. हें सर्व पंधरा चौरस फुटांवर उभें राहावयाचें. म्हणजे दर चौरस मीटरवर साडेसहाशें किलोंहून अधिक. आपल्या देशांत राहत्या घराच्या जमिनीची आंखणी करितांना सामान्यतः दर चौरस मीटरला दोनशें किलो चल भार धरतात. तो सबंध खोलीवर पसरलेला असें गृहीत असतें हें खरें. तथापि तिप्पट भार एका कोपऱ्यांत मांडण्यापूर्वीं विचार केलाच पाहिजे. नातवाला टाकी माडीवर, आपल्या खोलींत हवी होती. जुन्या वाड्याची माडी म्हणजे सागाच्या तुळया, त्यांवर तक्तपोशी, त्यावर माती. तुळईचें टोंक भिंतींत कोठें कुजलें आहे, हें वरून दिसत नाहीं. माणसें उठतात, बसतात, निघून जातात. पाणी मात्र रात्रंदिवस तेथेंच बसून असतें, आणि लांकूड सततच्या भाराखालीं हळूहळू वांकत जातें. खालीं स्वयंपाकघर! आजोबांचा 'नाहीं' येथें सर्वस्वीं बरोबर होता, व आम्हीं तो उचलून धरला. अखेर तळमजल्यावर, जोत्याच्या भरावावर, ओसरीच्या आंतल्या भिंतीलगत जागा ठरली. फ्लॅटांत राहणाऱ्या वाचकांनीं इतकी मोठी टाकी मनांत आणण्यापूर्वीं बांधकामाच्या इंजिनिअरला विचारावें. शेजाऱ्याला विचारूं नये. 'आमच्याकडे पण आहे, कांहीं होत नाहीं' हें उत्तर ठरलेलें असतें.

वजन खालीं, तर दाब बाजूंवर. पाण्याचा दाब खोलीप्रमाणें वाढतो; टाकीच्या रुंदीशीं त्याचा संबंध नाहीं. वर्गांत हें सांगितलें म्हणजे मुलांना खोटें वाटत असे. अडीच फूट रुंद टाकी पांच फूट रुंद केली तरी समोरच्या कांचेवर जोर तोच राहतो. परंतु उंची दुप्पट केली तर तो चौपट होतो. आपल्या टाकींत समोरच्या बाजूवर एकंदर जोर सुमारें अडीचशें किलोंचा येतो. उंची तेवढी साडेतीन फूट करूं, म्हणजे मासे छान दिसतील, असें धाकट्या काकांचें म्हणणें पडलें; तेव्हां तोच जोर टनाच्या घरांत जातो हें पाटीवर मांडून दाखवावें लागलें. तेव्हां लांबी-रुंदी हवी तेवढी वाढवावी. उंचीचा मोह आवरावा. माशालाहि पोहण्यास लांबीच लागते.

दर्शनी फळींत चारी बाजूंनीं चार इंचांची चौकट राखून ६४ × १६ इंचांची खिडकी कापावी. कांच १२ मिलिमीटरहून पातळ नको. ती खिडकीच्या आंतल्या बाजूनें, चोहोंकडे दोन इंच चौकटीवर येईल अशी बसवावी, म्हणजे पाणीच तिला चौकटीवर दाबून धरतें. बाहेरून बसविली तर पाणी तिला ढकलून देईल. टाकीच्या वरच्या कडांना पट्टे व मध्यें एक आडवा पट्टा घालावा. नाहींतर लांब बाजूंना पोट सुटतें.

लेपाचें काम समजावून देतांना आम्हांस आमच्या मातोश्रींची आठवण झाली. जुन्या टोपल्या-सुपांना भिजविलेल्या कागदाचा लगदा व वाटलेली मेथी यांचा लेप देऊन त्या अशा पक्क्या करीत, कीं त्यांत पीठहि राहात असे. फायबरग्लास म्हणजे तत्त्वतः तेंच. प्लायवुड ही टोपली, कांचतंतूंची मॅट हा कागद, आणि रेझिन ही मेथी. एकट्या रेझिनला तडे जातात, एकटी मॅट गळते. दोन्ही मिळून जो पत्रा होतो तो होडीलाहि पुरतो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळें नाशकांत हें काम जाणणारे कारागीर व सामान विकणारीं दुकानें दुर्मिळ नाहींत. पहिल्या दिवशीं एखाद्या कारागिराला रोजानें बोलावून त्याचा हात पाहावा व मग पुढचें आपण करावें. हा खर्च वाया जात नाहीं.

दोन तऱ्हांचीं रेझिनें मिळतात. इपॉक्सी लांकडाला अधिक घट्ट धरतें, त्याला वास कमी, पण किंमत पुष्कळ. पॉलिएस्टर स्वस्त, होड्या व पाण्याच्या टाक्या बहुधा त्याच्याच. त्या घरीं पॉलिएस्टर वापरलें. आंतल्या बाजूचें क्षेत्र सुमारें चाळीस चौरस फूट. ४५० ग्रॅमी मॅटचे दोन थर म्हणजे साडेतीन किलो मॅट, आणि रेझिन मॅटच्या अडीच पट व शिवाय आधींचा-नंतरचा हात धरून दहा-बारा किलो. इपॉक्सी घेतल्यास ही तुकड्यांची मॅट घेऊं नये. तिच्यांतील बंधद्रव्य पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननें विरघळतें, इपॉक्सीनें विरघळत नाहीं. त्यासाठीं विणलेलें कांचकापड घ्यावें.

आतां जें सांगावयाचें तें प्रत्येक घरांतील वडीलधाऱ्यांनीं नीट वाचावें. पॉलिएस्टर आपोआप घट्ट होत नाहीं. त्यांत दोन द्रव्यें घालावीं लागतात. एक जांभळट, त्याला कारागीर नुसतें कोबाल्ट म्हणतात. दुसरें पाण्यासारखें, त्याला कॅटॅलिस्ट किंवा हार्डनर म्हणतात. हीं दोन द्रव्यें एकमेकांत कधींहि थेट मिसळूं नयेत! मिसळल्यास भडका उडतो, स्फोट होतो. प्रथम कोबाल्ट रेझिनमध्यें घालून पुरतें ढवळावें. मग लावण्याच्या आयत्या वेळीं, लहान वाटग्यांत काढून घेतलेल्या रेझिनांत शेंकडा एक ते दोन या प्रमाणांत दुसरें घालावें. दोन्ही बाटल्या एका फडताळांत शेजारीं ठेवूं नयेत. हार्डनरचा थेंब डोळ्यांत गेला तर दृष्टि जाते. म्हणून चष्मा पाहिजे, साधा वाचनाचा नव्हे, बाजूंनीं बंद असलेला. हातमोजे व वाफा अडविणारा मुखवटा पाहिजे. धुळीचा कापडी मुखवटा येथें निरुपयोगी. काम उघड्या अंगणांत करावें, देवघराच्या निरांजनापासून, शेगडीपासून व बिडी ओढणाऱ्या सुतारापासून दूर. गरोदर सुनेला व लहान मुलांना त्या चार दिवसांत दुसऱ्या घरीं पाठवावें, हें आम्हीं आग्रहानें सांगितलें व त्या घरानें तें ऐकलें. स्वतःच्या हातानें करण्याच्या हौसेंत काटकसर या मुखवट्यावर झालेली आम्हांस पाहावयाची नाहीं.

हंगामाचाहि विचार आहे. पावसाळ्यांत लांकूड दमट असतें व दमट लांकडावर लेप सुटतो. पौष-माघांतल्या नाशिकच्या थंडींत रेझिन घट्ट व्हावयास फार वेळ लागतो. फाल्गुनाचा उत्तरार्ध उत्तम. चैत्र उलटला म्हणजे वाटग्यांतलें रेझिन हात पोंचण्यापूर्वींच दगड होऊं लागतें, म्हणून सकाळीं लौकर आटपावें. मॅट काटकोनांत नीट बसत नाहीं, खालीं हवा राहते; यासाठीं आंतल्या सर्व कोपऱ्यांत रेझिन व खडूची भुकटी यांची लांबी भरून गोलाई करून घ्यावी. पहिला हात नुसत्या रेझिनचा, मग मॅटचा एक थर, कोपऱ्यांत जास्तीची पट्टी, मग दुसरा थर, आणि प्रत्येक थरांतील बुडबुडे रूळ फिरवून काढावे. कांच बसते ती आंतली चौकट मात्र सपाट घासून घ्यावी. पॉलिएस्टरचा पृष्ठभाग हवेनें चिकट राहतो. अखेरच्या हातांत मेणाचा अंश असलेलें रेझिन वापरलें म्हणजे तो कोरडा होतो.

कांच सिलिकोननें चिकटवावी. व्हिनेगरचा वास येणारें व बुरशीनाशक न घातलेलें सिलिकोन घ्यावें. बुरशीनाशकानें मासे मरतात. सिलिकोन एकदां लागलें कीं त्यावर रेझिन धरत नाहीं व नवें सिलिकोनहि धड धरत नाहीं. म्हणून लेपाचें सर्व काम संपून आठ-पंधरा दिवस लोटल्यावर, वास पूर्ण गेल्यावरच नळी हातीं घ्यावी.

मग परीक्षा. टाकी अंगणांतच, लेव्हल पाईपनें समतल केलेल्या मेजावर ठेवून चार-चार इंचांनीं भरावी व भरून आठवडाभर तशीच ठेवावी. त्या घरीं तिसऱ्या दिवशीं मागच्या एका कोपऱ्यांत ओल दिसली. पाणी काढून, वाळवून, तेवढा भाग घासून पुन्हा मॅट लावली. दुसऱ्या खेपेस टाकी कोरडी राहिली. ही ओल ओसरींत दिसली असती, तर घरांत नातवाला उभें राहाणें कठीण झालें असतें. परीक्षेचीं दोन-तीन पाणीं झाडांना न घालतां टाकून द्यावीं.

गाळणी व हवेचा पंप यांविषयीं फार लिहीत नाहीं. प्लॅस्टिकच्या दोन मोठ्या बादल्यांत वाळू, खडी व स्पंज भरून उत्तम गाळणी होते. ताशीं तीन हजार लिटर पाणी फिरविणारा पंप असला म्हणजे झालें. विजेची तार टाकीकडे येतांना प्लगाच्या खालीं लोंबती राहील अशी ठेवावी, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी प्लगांत शिरत नाहीं. आणि त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा गळती-तोडक स्विच बसविल्यावांचून पाण्यांत हात घालूं नये. वीज जाण्याच्या वेळेसाठीं सेलवर चालणारा लहान हवापंप जवळ असावा.

येथपर्यंत पुरुषमंडळी मोठ्या उत्साहानें बोलत होती. आंतून चहा घेऊन आलेल्या थोरल्या वहिनींनीं एकच प्रश्न विचारला, "भावोजी, पाणी कोण बदलणार?" दर आठवड्यास पांचवा हिस्सा पाणी बदलावें लागतें, म्हणजे एकशें चाळीस लिटर, बारा-चौदा बादल्या. एकत्र कुटुंबांत असें काम पहिला महिना हौशी माणूस करतो, दुसऱ्या महिन्यांत त्याची परीक्षा येते, आणि तिसऱ्यापासून तें सुनांच्या गळ्यांत पडतें. हें आम्हीं पुष्कळ घरीं पाहिलें आहे. तेथें असें ठरलें, कीं टाकीपासून मागील दारच्या फुलझाडांपर्यंत नळी बसवावी व काढलेलें पाणी झाडांना जावें. त्यांत माशांच्या मळाचें खत असतें, झाडें तरारतात आणि उन्हाळ्यांत पाणी वाया गेल्याची टोंचणी राहात नाहीं. पालिकेच्या पाण्यांत क्लोरीन असतें. तें पिंपांत एक दिवस उघडें ठेवावें, किंवा हायपोचे चार खडे टाकावे. फोटोच्या काळोख्या खोलींतला हायपो तोच. रविवार सकाळ नातवाच्या नांवें लिहिली गेली, आणि परीक्षा असली तर धाकट्या काकांच्या.

शाकाहारी घरांत मासे कशाला, अशी शंका एका वृद्ध आत्याबाईंनीं काढली. आमच्या मतें मासे पाहण्यांत शाकाहाराला बाध येण्याचें कारण नाहीं. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत लिहिलेल्या मानसोल्लासांत मत्स्यविनोद नांवाचें स्वतंत्र प्रकरण आहे व त्यांत माशांच्या जाती आणि त्यांचें खाद्य सांगितलें आहे. तो गळानें मासे धरण्याचा विनोद होता, हा भेद मात्र मान्य केला पाहिजे. इंग्रजी मासिकांत पाहून मत्स्यालयें ही विलायती चाल आली असें म्हणतात, आणि तें खोटें नाहीं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ मध्यें पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चें. पूर्वीं नाशिकहून मुंबईस गेलेला मुलगा तें पाहिल्यावांचून परत येत नसे.

तरी मासे विलायतीच असावेत असें कोठें आहे? कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या नद्यांतील मासे अभ्यासून १८३९ च्या सुमारास त्यांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. त्याची एक गोष्ट आम्हांस फार आवडते: शास्त्रीय नांवें देतांना त्यानें नदीकांठच्या मराठी माणसांनीं सांगितलेलींच नांवें घेतलीं. खुद्री, कोलूस, सांडखोल, नुकटा हे शब्द आज जगभरच्या ग्रंथांत लॅटिनच्या शेजारीं बसले आहेत. त्यांतला खुद्री, म्हणजे आपला महसीर, त्यानें पुण्याजवळच्या मुळा-मुठेवरून वर्णिला. तो हातभराहून मोठा होतो, त्याला सहा फूट टाकी म्हणजे मनूचा घटच. परंतु डॅनिओ, लहान पुंटिअस असे बोटाएवढे देशी मासे या टाकींत सुखानें राहतात, थव्यानें पोहतात, आणि नाशिकच्या थंडीस डरत नाहींत. ॲमेझॉनच्या माशांना मार्गशीर्षापासून विजेचा शेक द्यावा लागतो. लांकूड उष्णता धरून ठेवतें, त्यामुळें कांचेच्या टाकीपेक्षां येथें तो शेकहि थोडा लागतो. पहिले पांच-सहा आठवडे चार-पांचच मासे सोडावे. जंतूंची वसति तेवढ्या काळांत होते. मग हळूहळू वाढवावे.

दुकानदार 'शेवाळ साफ करतो' म्हणून एक काळा, खवल्यांचें चिलखत घातलेला मासा गळ्यांत बांधतात. तो दोन बोटांचा असतो तेव्हां गोड दिसतो, पुढें फूटभराहून वाढतो व इतरांस त्रास देतो. मग लोक काय करतात? दया येऊन पिशवींतून नेतात आणि रामकुंडाच्या खालच्या अंगास गोदावरींत सोडतात. वर पुण्य केलें असें समजतात. हा मासा दक्षिण अमेरिकेचा असून भारतांतील पुष्कळ नद्या-तलावांत अशाच रीतीनें शिरला आहे. आफ्रिकेच्या मांगुराच्या पैदाशीवर तर सरकारला २००० सालीं बंदी घालावी लागली, कारण तो स्थानिक मासे खाऊन टाकतो. मनूचा मासा समुद्रांतला होता, म्हणून समुद्रांत गेला. टाकींतला परका मासा गोदावरीचा नव्हे. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा, किंवा दुसऱ्या मोठ्या टाकीच्या मालकास द्यावा. त्या घरीं हा काळा मासा आणलाच नाहीं. शेवाळ काढण्यासाठीं नातवाच्या धाकट्या बहिणीनें जुन्या स्पंजाला काठी बांधली आहे, आणि दर शनिवारीं शाळेंतून आल्यावर ती कांच पुसते.